घरटी एक

एका गावात एक नियम होता. गावाचं नाव सांगायला हरकत नाही, पण ते सांगून शेजारच्या गावांना मोकळं का सोडायचं? असले नियम त्यांच्याकडेही असतात.

गाव कोकणातलं, दोन डोंगरांच्या बेचक्यात बसलेलं. घरं एकवीस. गावाच्या पायथ्याशी वहाळ, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. त्याच्यावर ओंडके टाकून गाव दरवर्षी साकव घालायचं. साकव म्हणजे चालत्या माणसापुरता पूल. त्यावरून गाय जात नसे आणि जाड माणूस जपून जात असे.

नियम असा होता की गावाचं काम निघालं की घरटी एका माणसाने यायचं. साकव घालायचा, घरटी एक. पाटातला गाळ काढायचा, घरटी एक. रानात वणवा लागला, तरी घरटी एक. कामाच्या जागी गावकर, म्हणजे गावाचा मुख्य, एकेका घराचं नाव पुकारायचा. त्या घरचं जे कोणी आलं असेल ते ‘हाय’ म्हणायचं. झालं, घर भरलं. मग आलेला माणूस धडधाकट गडी आहे की कानाने ठार बहिरा काका आहे, याची चौकशी होत नसे. दोन-तीन घरांनी आपला म्हातारा काका याच कामासाठी जपून ठेवला होता.

जे घर येणार नाही त्याने देवाला नारळ द्यायचा. आणि एका घरातून दोघं आली, तर दुसऱ्याला ओळीत घेत नसत. त्याने कडेला बसून राहायचं. कारण एकदा त्याचे हात कामाला लागले की पुढच्या खेपेला ते घर म्हणणार, ‘मागं आमचे दोन झाले, आता आमी नाय.’ यावरून पूर्वी मोठी भांडणं झाली होती. तेव्हापासून दुसऱ्याने कडेला बसायचं, हे लहान पोरांनाही पाठ होतं.

त्या वेळी गावकर होता धाकू. सरळ माणूस. सरळ माणसाची एक अडचण असते. नियम मोडणारा त्याला लांबून दिसतो, पण नियम चुकलेला जवळूनही दिसत नाही.

मग वहाळाच्या पलीकडे शाळा झाली. पुढच्या गावातून यमुनाबाई नावाच्या बाई रोज चालत यायच्या. त्यांनी घरोघर फिरून नावं लिहून घेतली. एकवीस घरांत शाळेत घालण्याजोगी त्रेचाळीस मुलं निघाली. गावाने आनंदाने नावं सांगितली. शाळेला कोणाचा विरोध नव्हता. शाळा हे गावाचंच काम, असं धाकूने देवळात उभं राहून सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

गावाचं काम म्हटल्यावर पुढचं सांगायलाच नको.

पहिल्या दिवशी शाळेत एकवीस मुलं आली. बाईंना वाटलं, सुरुवात आहे, हळूहळू येतील. दुसऱ्या दिवशीही एकवीसच आली. पण बाई हजेरी घ्यायला लागल्या तर कालची निम्मी तोंडं नव्हती, त्यांच्या जागी नवीनच बसली होती.

बाईंनी पुकारलं, “शेवंती धाकू.”

समोरच्या रांगेतली एक चिमुरडी उठली. “हाय.”

“काल तर शेवंती उंच होती. तू शेवंती?”

“नाय. मी आनशी. शेवंतीची भन.”

“मग हाय का म्हणालीस?”

“घर त्येच हाय ना, बाई.”

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. वर्गाला यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

बाई त्याच दुपारी धाकूच्या घरी गेल्या. धाकूची बायको गोदा पानं वाढत होती. बाईंना आग्रहाने बसवलं. बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. प्रत्येक मुलाने रोज शाळेत यायचं. एखादं येणार नसेल, तर घरच्या मोठ्या माणसाने सकाळी कारण कळवायचं. धाकूने नीट ऐकून घेतलं.

“बाई, एक घर चुकलं तर मना सांगा. नारळ घेतल्याबिगर सोडायचा नाय.”

“गावकर, घरं चुकत नाहीत. मुलं चुकतायत.”

“पोरं घरातच ऱ्हातात की.”

बाईंना एक युक्ती सुचली. त्यांनी गोदाला सांगितलं, “वहिनी, आज एकच पान वाढा. गावकर जेवले की घर जेवलं.”

धाकू मोठ्यांदा हसला. म्हणाला, “बाई, भूक ज्येची त्येला लागते. शिकन्याचं तसं नाय. घरात एक शिकला की घर शिकलं.” आणि बाईंना त्याने दोनदा भात वाढायला लावला. पुढे आठ दिवस गावात हा किस्सा फिरत होता, की बाई गावकराला उपाशी ठेवायला निघाल्या होत्या.

कारण कळवायची अट मात्र गावाने मान्य केली. कारण सांगणं सोपं होतं. सगळ्या घरांचं एकच कारण होतं, ‘आज त्येची पाळी नाय.’

बाईंनी मग प्रत्येक धडा दोन दिवस शिकवून पाहिला. पण काही घरांत मुलं तीन होती, एका घरात पाच. वर्षाला तेवढे दिवस नव्हते आणि बाईंना तेवढा घसा नव्हता. त्यांनी नाद सोडला. दर आठवड्याला एखाद्या घरी जाऊन समजावणं मात्र सोडलं नाही.

धाकूच्या दोन मुलींत थोरली शेवंती दहा वर्षांची. आनशी आठाची. त्यांच्या पाठीवर म्हादू, वर्षभराचा. एक दिवस शेवंती शाळेत जायची आणि आनशी म्हादूला सांभाळायची, दुसऱ्या दिवशी उलट. त्यामुळे दोनाचा पाढा शेवंतीला आला, तिनाचा आनशीला. चाराचा शेवंतीला, पाचाचा आनशीला. एकीला गोष्टीची सुरुवात ठाऊक, दुसरीला शेवट. धाकूला याचं कौतुक होतं. पाहुण्यांना तो सांगायचा, “दोगी मिळून एक शानी पोर झाली माजी.”

आनशीला याचं काही वाटत नव्हतं. तिला म्हादूला घेऊन कैऱ्या पाडत फिरणंही शाळेइतकंच आवडत होतं. शेवंतीला मात्र वाटायचं. फार वाटायचं. आपल्या पाळीच्या दिवशी ती साकवावरून पळत जायची. दुसऱ्या दिवशी म्हादूला काखेत घेऊन वहाळाच्या अलीकडे उभी राहायची आणि पलीकडून पाढ्यांचा आवाज येतो का ते ऐकायची. वहाळाला पाणी असलं की काही ऐकू यायचं नाही.

संध्याकाळी ती आनशीला विचारायची, “आज काय शिकवलानी?”

आनशी म्हणायची, “त्ये माज्या वाटनीचं. तू मना चाराचा पाढा दिलास काय?”

यात आनशीचा दोष नव्हता. घरात फणस फोडला तरी गरे मोजून वाटणी व्हायची. शिकणंही वाटून घ्यायचं असतं, असं तिला वाटलं तर नवल नाही.

चैत्र आला. वहाळाचं पाणी आटून डबकी झाली. आसपासच्या गावांत लहान मुलांना हगवण लागल्याचं बाईंच्या कानावर आलं. त्या दिवशी त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. मुलांना सांगितलं, लहान मुलाला पाण्यासारखे जुलाब झाले की अंगातलं पाणी संपतं. डोळे खोल जातात, रडलं तरी डोळ्यांतून पाणी येत नाही. मग मूल दगावतं. त्याला दवाखान्यात न्यायचंच, पण नेईपर्यंत जलसंजीवनी पाजत राहायची. उकळून गार केलेलं पाणी, साखर आणि मीठ. एवढंच लागतं.

“किती मीठ?” शेवंतीने विचारलं. त्या दिवशी तिची पाळी होती.

“माप महत्त्वाचं. चुकलं तर औषधाचं विष होतं. ते नुसतं तोंडाने सांगून भागणार नाही, डोळ्यांनी बघायला हवं. उद्या मी घरून चमचा आणते. उद्या सगळ्यांनी यायचं. कोणी चुकवायचं नाही.”

शेवंती घरी आली ती थेट बापापुढे उभी राहिली.

“बाबा, उद्या मी पन शाळंत जाऊ?”

“उद्या आनशीची पाळी.”

“बाई म्हनाल्या, उद्या सगळ्यांनी या.”

“येतील की. सगळी घरं येतील.”

“पन मना माप बगायचं हाय, बाबा. मिठाचं माप. आजचं अर्धंच झालं.”

धाकू चिडला नाही. लेकीला त्याने जवळ बसवलं. “शेवंते, गावकराच्या घरातनं दोन गेली तर बाकीची घरं काय म्हनतील? नेम आपनच मोडायचा? आनशी बगून येईल. घरात आलं म्हंजे तुज्याकडं आलंच की.”

दुसऱ्या दिवशी आनशी गेली. बाईंनी चमचा दाखवला, माप दाखवलं, प्रत्येकाला थेंबभर चव दिली. संध्याकाळी शेवंतीने विचारलं. आनशी म्हणाली, “आदी चाराचा पाढा दे.” शेवंतीलाही राग आला. ती म्हणाली, “नाय देत जा.” दोघी दोन बाजूंना तोंडं करून झोपल्या. बहिणींची भांडणं असतात तसं ते भांडण होतं. सकाळी दोघीही विसरल्या, भांडणही आणि मापाचं विचारायचंही.

आठ-दहा दिवस गेले. गावात भाजावळीचे दिवस होते. पालापाचोळा आणि शेण पसरून ते जाळायचं आणि पावसाआधी जमीन भाजून घ्यायची, हे डोंगरावरच्या शेतातलं काम. त्या दिवशी सगळी मोठी माणसं पहाटेच वर गेली होती. आनशीची पाळी होती, ती शाळेत गेली. घरात शेवंती आणि म्हादू.

म्हादूला सकाळपासून जुलाब लागले. आधी शेवंतीने धुतलं, पुसलं, फडकी बदलली. मग फडकी संपली. ऊन चढेपर्यंत म्हादू मान टाकायला लागला. तिने शेजारच्या घरांत हाका मारल्या. एका ओटीवर बहिरा काका होता. तो हसला आणि हात हलवला. बाकी घरांना कड्या होत्या, घरी राहिलेली पोरं गुरांमागे गेली होती.

म्हादू रडला. रडला म्हणजे तोंड उघडलं, आवाज बारीक आला. शेवंतीने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

आता काय करायचं ते तिला ठाऊक होतं. निम्मं ठाऊक होतं. हांड्यात सकाळचं उकळलेलं पाणी होतं, त्यातलं तांब्यात घेतलं. साखरेच्या डब्यातली साखर घातली. मिठाच्या मडक्यात हात घातला आणि थांबली. किती? आई भाताच्या टोपात मूठ घालते, ते तिने पाहिलं होतं. तिने मूठ घातली. बोटाने म्हादूच्या जिभेवर थेंब लावला. म्हादूने तोंड वेडंवाकडं करून तो थुंकून टाकला. शेवंतीने स्वतः घोट घेतला. समुद्र होता तो.

तिने पुन्हा पाणी घेतलं. यावेळी चिमूट. पण चिमूट एक की चार? साखर किती? चुकलं तर विष होतं, असं बाई म्हणाल्या होत्या. चिमूट तिच्या बोटांतच राहिली. अंदाजाने टाकून पाजलं असतं तर कोणी तिला बोल लावला नसता. मोठी माणसंही अंदाजानेच टाकतात. पण आपल्याला येत नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून भावाच्या तोंडात ते घालायचा तिला धीर झाला नाही. तिने मीठ परत मडक्यात टाकलं, म्हादूला काखेत घेतलं आणि पळत सुटली.

साकव तिने कसा ओलांडला ते तिला पुढे सांगता आलं नाही. शाळेच्या दारात आली. आत बाई पाठमोऱ्या फळ्यावर लिहीत होत्या. एकवीस मुलं पाढा म्हणत होती. साताचा पाढा. एकवीस घरांची एकवीस मुलं. धाकूच्या घराची आनशी पुढच्या रांगेत बसलेली होती.

शेवंतीचा पाय उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. घर भरलेलं होतं. ती दुसरी होती. दुसऱ्याने कडेला बसायचं असतं.

ती पायरीवर कडेला बसली. म्हादूचं डोकं तिच्या कोपरावर लोंबत होतं. तिने हाक मारली नाही. रडतानाही तिने आवाज होऊ दिला नाही. आत पाढा एकदा संपला. बाई फळ्याकडे बघतच म्हणाल्या, “पुन्हा.” तो पुन्हा झाला. “अजून एकदा.” तिसऱ्यांदा झाला. मग बाई वळल्या आणि त्यांना दारातून बाहेर पायरीवरचे दोन अनवाणी पाय दिसले.

पुढचं वेगाने झालं. बाई धावल्या. त्यांनी म्हादूला पाहिलं आणि पेटीकडे बोट केलं. त्या तोंड उघडणार एवढ्यात आनशीच ओरडली, “तांब्याभर पान्याला सहा चमचे साखर! अर्धा चमचा मीठ! चमचा सपाट भरायचा! मंग चव बगायची, डोळ्यातल्या पान्याहून खारट नको!” साथीचे दिवस म्हणून बाईंनी तो चमचा, साखर, मीठ आणि उकळलेलं पाणी शाळेतच, त्या पेटीपाशी ठेवलं होतं. तांब्या बरोब्बर एक लिटरचा होता. आनशीने न चुकता माप घातलं. शेवंतीने चव बघितली. डोळ्यांतलं पाणी कसं लागतं ते तिला आठवावं लागलं नाही, ते ओठांवरच होतं.

चमचा चमचा करून पाजायला सुरुवात झाली. दोन मोठी मुलं डोंगराकडे पळाली. धाकू आणि गोदा धापा टाकत खाली आली, तेव्हा म्हादू बाईंच्या मांडीवर होता. झोळीत घालून त्याला मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं. वाटभर गोदा चमचा चालवत होती. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं. म्हणाले, वेळेत पोचलात. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी काही करू शकलो नसतो. संध्याकाळी म्हादू सुईला हात लावून रडला आणि त्याच्या गालावर पाणी ओघळलं. गोदाने ते पुसलं नाही. ती नुसती बघत राहिली.

तीन दिवसांनी म्हादू घरी आला. रविवारी सकाळी देवळात गावकी बसली. सगळं गाव खुशीत होतं. सर्वांत म्हातारे सोनू तात्या काठी टेकून उठले.

“बगा लेकांनो, आपल्या पूर्वजांचा नेम! एक पोर शाळंत, एक घरात. घरातलीनं पोर आनलं, शाळंतलीनं माप सांगितलं. दोगी घरात असत्या तर माप कुनी सांगितलं असतं? दोगी शाळंत असत्या तर पोर कुनी आनलं असतं? नेमानं वाचवलं पोराला!”

लोकांनी वाहवा केली. बाईही आल्या होत्या. मागे उभ्या होत्या. बोलल्या नाहीत. वर्षभर बोलून झालं होतं.

सगळे धाकूकडे बघत होते. त्याने फक्त मान डोलवायची होती. नियम खरा ठरत होता, मुलगा वाचला होता, मुलींचं नाव होत होतं. गावकराला याहून सोयीचा दिवस उगवला नसता. आणि खरं सांगायचं तर त्याची मान अर्धी हललीही होती.

पण दवाखान्यातून आल्यापासून त्याच्या मनात एक गोष्ट कुसळासारखी टोचत होती. त्याने शेवंतीला पुढे बोलावलं.

“शेवंते, पळत गेलीस ना तू?”

“व्हय.”

“मंग बाई म्हनतात, तू पायरीवर बसलेली गावलीस. दमलीस म्हनून बसलीस?”

“नाय.”

“मंग?”

शेवंतीने मान खाली घातली. “आनशी आत होती, बाबा. दुसऱ्यानं कडेला बसायचं ना. तुमीच सांगितलंत.”

“किती वेळ बसलीस?”

“साताचा पाढा तीनदा झाला.”

धाकूने म्हादूला गोदाकडून मागून घेतलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. मग आनशीकडे वळला. “आनशे, साताचा पाढा म्हन. शाळंत म्हनता तसा. घाई करू नको.”

आनशी उभी राहिली. हात मागे बांधले. “सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस.” ती सावकाश म्हणत गेली. सत्तरपर्यंत आली आणि थांबली.

“आजून,” धाकू म्हणाला.

तिने पुन्हा म्हटला. सोनू तात्या उभेच होते, ते खाली बसले. गोदाने पदर तोंडाला लावला. पाढा सत्तरला आला.

“आजून.”

तिसऱ्या वेळी पस्तीसाला धाकूने म्हादूचा पाय मुठीत धरला. बेचाळीस. एकोणपन्नास. छप्पन्न. कधी संपतोय असं गावाला झालं होतं. एक पाढा एवढा लांब असतो, हे त्या गावाला तोपर्यंत माहीत नव्हतं. सत्तर झाले आणि आनशी खाली बसली.

“एवडा वेळ,” धाकू म्हणाला, “माजं पोर मरत व्हतं आनि माजी पोर नेम पाळत व्हती.”

मग तात्यांकडे वळून तो म्हणाला, “तात्या, दोगी शाळंत असत्या तर पोर कुनी आनलं असतं म्हनता? दोगी शाळंत असत्या तर म्हादू माज्या नायतर त्येच्या आयच्या काखेत असता. आमी दोगं जिती असताना तो दा वर्साच्या पोरीच्या काखेत का व्हता, ह्ये मना आजून कुनी इचारलं नाय. ती म्हनली व्हती, बाबा, मना माप बगायचं हाय. मी म्हनलो, घर भरलंय. घर भरलं व्हतं. पोर रिकामी व्हती.”

कोणीतरी मागून म्हणालं, “मंग नेम मोडायचा काय?”

“साकवाला घरटी एक. पाटाला घरटी एक. त्यो नेम तसाच. ओंडका कुनी उचलला त्येला इचार नाय.” धाकूने बाईंकडे पाहिलं. “शाळंला मात्र घरात शाळकरी पोरांची जेवडी पानं, तेवडी पोरं. रोज. बाईंनी ह्ये मना वर्साआदी सांगितलं व्हतं. मी त्यांना भात वाढला.”

तो उठला, कोनाड्यातून नारळ घेतला आणि देवापुढे ठेवला. “ह्यो माज्या घराचा. वरीसभर माजं घर अर्धं गैरहजर व्हतं.”

गावाला एकदम पटलं असं नाही. गावाला काही एकदम पटत नसतं. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट ठरली. मूल शाळेत येणार नसेल तर घरच्या मोठ्या माणसाने स्वतः साकव ओलांडून जायचं आणि बाईंच्या तोंडावर कारण सांगायचं. पहिल्या आठवड्यात बरीच माणसं कारण सांगायला गेली. ‘आज गुरं राखायची हायत’ हे बाईंच्या डोळ्यांत बघून सांगायला जड जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं. शिवाय साकवावरून जाऊन-येऊन जेवढा वेळ जातो, तेवढ्यात गुरं स्वतःच राखून होतात. महिन्याभरात कारणं कमी झाली. खरोखर आजारी असलेल्या मुलांचीच तेवढी उरली. भाजावळीला लोक पाळीने जाऊ लागले आणि कुठल्या ना कुठल्या ओटीवर एक तरी कानाने धड मोठं माणूस राहू लागलं.

पण हे पुढचं. त्या गावकीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शेवंती उठली ती सवयीने म्हादूला उचलायला गेली. मग थांबून तिने विचारलं, “बाबा, आज कुनाची पाळी?”

“तुजी,” धाकू म्हणाला.

आनशी अंथरुणातून उठून बसली. “आनि माजी?”

“तुजीपन.”

म्हादूला त्याने आपल्या काखेत घेतलं आणि दोघींना साकवापर्यंत पोचवायला गेला. त्या पलीकडे गेल्या. धाकू अलीकडेच उभा राहिला. वहाळात पाणी नव्हतं, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

“शेवंती धाकू.”

“हाय.”

“आनशी धाकू.”

“हाय.”

बाई पुढच्या नावाकडे वळल्या. धाकू तिथेच उभा राहून शेवटच्या नावापर्यंत ऐकत होता.

तात्पर्य: गावाचं ओझं घरातल्या कोणीही एकाने उचललं तरी चालतं, पण शिकणं ज्याचं त्यालाच करावं लागतं. म्हणून घरातलं प्रत्येक मूल रोज शाळेत पोचलं पाहिजे, आणि ते पोचवणं ही मुलाची पाळी नसून आईबापाची असते.